देवाच्या डोक्यावर चहाचा कप

मुंबई-गोवा महामार्ग झाराप-पत्रादेवी बाह्यवळणाने सावंतवाडीला वळसा घालून जाऊ लागल्यापासून गोव्याला निघालेल्या मंडळींना या गावात शिरण्याचे कारणच उरलेले नाही. रेल्वेने यावे तर सावंतवाडी रोड हे स्थानक गावात नसून मळगावात आहे, आणि तिथून पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यातच निम्मा उत्साह मावळतो. आम्ही मे महिन्यात आमच्या गाडीने गोव्याला गेलो होतो. तिथले दिवस गर्दीत, उकाड्यात आणि गाडी लावायला जागा शोधण्यात गेले, त्यांच्याविषयी लिहावे असे काही नाही. लिहायचे आहे ते परतीच्या वाटेवर सावंतवाडीत काढलेल्या एका दुपारविषयी, आणि खरे सांगायचे तर तळहातावर मावेल एवढ्या एका लाकडी चकतीविषयी.

सावंतवाडीत थांबण्याचा आग्रह माझ्या नणंदेचा होता. तिला दशावतारांची चित्रे काढलेल्या, चहाचे कप ठेवायच्या दहा चकत्यांचा संच हवा होता. प्रथम आम्ही मोती तलावाच्या काठच्या राजवाड्यात गेलो. जांभ्या दगडाची ती जुनी वास्तू उन्हाळ्यातही आतून थंड असते. इथे गंजिफा रंगवल्या जातात. पूर्वी खेळल्या जाणाऱ्या या गोल पत्त्यांचे दशावतारी प्रकारात दहा रंग असतात, प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. खेळ दिवसा असेल तर रामाचे पान ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची आणि रात्री असेल तर कृष्णाचे पान ज्याच्या हाती त्याने, हा नियम मला फार आवडतो. खेळाचे घराणे मात्र जुने आणि मोगली आहे. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत सापडते. पुढे छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हाताने रंगवलेल्या पानांना कोणी विचारीना. सावंतवाडीत ही विद्या पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या हाती उरली होती. त्यांच्याकडून ती राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी समजून घेतली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कार्यशाळा उभी राहिली. आज पत्ते खेळण्यासाठी क्वचितच कोणी गंजिफा घेत असेल, परंतु तीच चित्रे लाकडी डब्या, तबके, चौरंग आणि दिवे यांवर उतरली आणि त्यामुळे रंगवणारे हात रिकामे राहिले नाहीत. खेळ गेला आणि नुसती शोभा उरली अशी हळहळ काही जाणकार व्यक्त करतात. मला ती पटत नाही. काचेच्या कपाटात बंद झालेल्या पत्त्यांपेक्षा रोज उघडली जाणारी कुंकवाची डबी मला केव्हाही अधिक जिवंत वाटते.

तिथून आम्ही चितारआळीत गेलो. लाकडी फळे, बैलगाड्या, भोवरे आणि भातुकली यांनी भरलेल्या या आळीत लहानपणी मी आईचा पदर धरून हिंडले आहे, त्यामुळे तिथे माझ्याने तटस्थपणे काही पाहवत नाही. पूर्वी खेळण्यांसाठी हलके आणि मऊ पांगाऱ्याचे लाकूड वापरत. आता शिवण किंवा आंबाही वापरतात. एका दुकानात आम्हाला ‘हाताने रंगवलेली’ म्हणून तबके दाखवण्यात आली. एकावर एक रचलेल्या त्या तबकांपैकी मी चार उचलून शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा चौघांच्याही काठावरच्या वेलीत एकाच ठिकाणी एकच पाकळी सारखीच वाकडी झालेली दिसली. छापील कागद चिकटवून त्यावर व्हार्निशचा हात मारलेला होता. दुकानदाराला विचारले तर तो ओशाळला नाही. गिऱ्हाइकाला स्वस्त हवे असते, एवढेच म्हणाला. स्वस्त विकण्याला माझा विरोध नाही, पण छापील वस्तू हातची म्हणून विकणे ही शुद्ध लबाडी आहे, आणि ज्या आळीत खरे चितारी बसतात तिथेच ती चालावी याचा मला अजून राग येतो.

त्याच रागात बाहेर पडल्यावर शेजारच्या पानवाल्याने मागच्या बोळातले एका चितारी काकांचे घर दाखवले. ओटीवरच त्यांचे काम चालले होते. काकी खाली बसून लाकडाच्या गोल चकत्यांना खडूची भुकटी आणि डिंक यांचा पांढरा लेप देत होत्या. एक हात वाळला की पॉलिश पेपरने घासायचे, मग दुसरा हात द्यायचा, आणि बोट फिरवून लाकडाचा कण लागेनासा झाला की चकती काकांकडे सरकवायची. काका त्यावर तांबडी जमीन भरत आणि ती सुकेपर्यंत आधीची चकती हातात घेत.

त्यांचे काम मी इतक्या जवळून पाहिले की अखेरीस नवऱ्याने मला उजेड सोडायला सांगितले. चकतीच्या काठाला पिवळे वर्तुळ काढायचे होते. पेन्सिलीची खूण नाही, कंपास नाही. त्यांनी बारीक कुंचला रंगात बुडवून काठाशी टेकवला आणि उजवा हात तसाच स्थिर ठेवून डाव्या अंगठ्याने चकती हळूहळू फिरवली. रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली, जोड कुठे आहे ते मला शोधूनही सापडले नाही. मग मधोमध मासा आला: आधी एका रंगात सबंध अंग, त्यावर खवल्यांच्या अर्धगोल ओळी, शेपटीला तीन फटकारे, कडेने काळी बारीक रेघ आणि सर्वांत शेवटी डोळा.

नणंदेने तेवढ्यात आपली मागणी सांगितली. दहा चकत्या, दहा अवतार. काकांनी कुंचला पाण्यात ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

“ताई, देवाच्या डोक्यार चायचो कप ठेवतल्यात?”

नणंद गोंधळली. बाजारात तर सर्रास मिळतात, असे ती म्हणाली. बाजारातले बाजारात, काका म्हणाले, ते छापतात, छापणाऱ्या यंत्राला देव कळत नाही. त्यांच्याकडे कपाखालच्या चकतीवर फक्त मासा मिळेल. “मासो पाण्यातलोच. भिजलो तर भिजलो.”

मासा म्हणजेही मत्स्यावतारच झाला ना, असे मी विचारले, आणि या प्रश्नाने ती दुपार सार्थकी लागली. काकांनी आतून जुन्या गंजिफांची डबी आणवली आणि मत्स्याच्या रंगाची पाने ओटीवर मांडली. राजाच्या पानावर विष्णू होता, कमरेखाली मासा आणि वर मुकुट, चार हात, आयुधे. एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर मात्र देव नव्हताच, नुसते मासे होते, जितक्या अंकाचे पान तितके. कूर्माच्या रंगात तशीच कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. राजाचे पान हा देव आणि अंकांची पाने ही त्याची खूण, आणि कपाखाली देव घालायचा नाही पण खूण घालायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे मघाशी माझ्यासमोर त्यांनी काढला तो मत्स्याचा एक्का होता.

मग मी एकेका वस्तूविषयी विचारत सुटले आणि ते सांगत गेले. डबीच्या झाकणावर अवतार चालतो, कारण झाकणावर कोणी काही ठेवत नाही. देव्हाऱ्यावर तर हवाच. पाटावर कधीच नाही, “पाटार माणसा बसतत”, तिथे वेल आणि फुले. चौरंगाचे त्यांनी दोन भाग केले: पूजेचा चौरंग असेल तर पायांवर आणि कडांवर रंगवायचे पण मधला भाग मोकळा ठेवायचा, आणि बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवायचा असेल तर आधी त्यावर काय ठेवणार ते सांगायचे. तबकाच्या बाबतीत ते स्वतःच अडले होते. ओवाळणीचे तबक आणि पाहुण्यांपुढे बिस्किटे न्यायचे तबक दिसायला सारखेच, मग गिऱ्हाइकाचा शब्द खरा मानायचा एवढेच हातात उरते. माझ्या नवऱ्याने इथे तोंड घातले आणि म्हणाला की कूर्माने मंदार पर्वत पाठीवर पेलला, त्याला एका कपाचे ओझे ते काय होणार? काका मनमोकळे हसले. “कासव चलात,” असे म्हणून त्यांनी माशांच्या जोडीला कासवांनाही परवानगी दिली.

मी स्वतः फारशी देवभोळी नाही आणि घरी आमच्या कॅलेंडरवरच्या गणपतीच्या पोटावर दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो. तरीही काकांचे म्हणणे मला नुसते सोवळेपण वाटले नाही. वस्तू हातात कशी धरली जाईल, कुठे ठेवली जाईल, कोणाचा पाय किंवा कप तिला लागेल, याचा विचार चित्र काढण्याआधी करणारा माणूस मला अलीकडे दुसरीकडे भेटलेला नाही. आमच्या शहरातल्या हस्तकला प्रदर्शनांत वारली नर्तक पायपुसण्यावरही नाचवले जातात आणि त्याला हौसेने परंपरा म्हणतात.

नणंदेने शेवटी सहा चकत्या सांगितल्या, तीन मासे आणि तीन कासवे. किंमत ऐकून तिने सवयीने घासाघीस सुरू केली, तेव्हा मला फार अवघडले. आदल्या रात्री गोव्यात एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात निवलेल्या जेवणाला आम्ही त्याहून अधिक पैसे निमूटपणे मोजले होते. काकांनी किंमत उतरवली नाही आणि आवाजही चढवला नाही. काकींनी सगळ्यांना कोकम सरबत दिले. चकत्या लगेच मिळणार नव्हत्या, कारण पावसाळा लागला की काकांच्या हाताला गणपतीच्या मूर्ती रंगवण्याचे काम असते: “चवथ होयसर माका वेळ नाय.” आगाऊ रक्कम देऊन आणि त्यांच्या वहीत पत्ता लिहून आम्ही निघालो. आंबोलीला जायचे ठरले होते ते राहून गेले, आणि गाडीत त्यावरून कुरकुर झाली.

दिवाळीनंतर पार्सल आले. पाच चकत्यांवरची तोंडे डावीकडे होती आणि एक मासा उजवीकडे पाहत होता. नणंदेने लगेच फोन लावून तक्रार केली की संच जुळत नाही. काकांचे उत्तर तिने मला चिडून सांगितले, पण सांगता सांगता तिलाच हसू आले: “एखादो मासो उलटो जाताच.” चकती बदलून द्यायची त्यांची तयारी होती, मात्र पोस्टाचा खर्च नणंदेने करायचा होता. तिने तो केला नाही, आणि आता तिच्याकडे गेले की माझ्या कपाखाली न चुकता तोच मासा येतो.