वीस जूनची संध्याकाळ

इंदूरच्या मराठी वस्त्यांतील मंडळांचे वार्षिक कार्यक्रम म्हटले की गणेशोत्सव, शारदोत्सव आणि दिवाळीनंतरचे स्नेहसंमेलन ही नावे सहज ओठांवर येतात. रामबागेच्या परिसरातील आमच्या छोट्या मंडळाने या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक दिवस नेमाने पाळला आणि माझ्या पिढीच्या मनात तोच सर्वांत खोलवर रुजला. तो दिवस म्हणजे २० जून, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जयंती. १९६९ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि त्याच सुमारास आमच्याकडील काही वडीलधाऱ्यांनी, ज्यांच्या घरची चूल लेथ, भट्टी आणि फाउंड्रीवर पेटत होती, असे ठरवले की संत आणि वीर यांच्याबरोबर एखाद्या कारखानदाराचीही जयंती आपण साजरी केली पाहिजे.

इंदूरला हे नाव परके नव्हते. आग्रा रोडने तासाभराच्या अंतरावर असलेल्या देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. माळव्यातील विहिरींवर त्यांचे पंप सर्रास दिसत, आणि आमच्या ओळखीपाळखीतील कोणी ना कोणी सकाळची बस धरून देवासच्या कारखान्यांत कामाला जात असे. तरीही पंपावरील नाव वाचणे वेगळे आणि त्या नावामागचा माणूस ठाऊक असणे वेगळे. तो माणूस आम्हाला या जयंतीने ठाऊक करून दिला.

त्या काळी आमच्या शाळा जुलैमध्ये उघडत, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात मुले मोकळी असत. उन्हाची काहिली नुकती कुठे उतरू लागलेली असे, एखादी वळवाची सर येऊन गेलेली असे, आणि मंडळाच्या ओसरीवर सतरंज्या अंथरता अंथरता पाऊस आला तर सगळा कार्यक्रम आतल्या खोलीत दाटीवाटीने पार पडे. बायका दुपारपासून पोह्यांच्या तयारीला लागत. वरून शेव, बारीक चिरलेला कांदा आणि जिरावण भुरभुरलेले ते पोहे व्याख्यान संपल्याशिवाय कोणालाही मिळायचे नाहीत, हा मंडळाचा पक्का नियम होता.

या कार्यक्रमाची घडण मंडळाच्या चिटणिसांची होती. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. जयंतीला थोर माणसाचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा आढावा एका दमात घेण्याची जी रीत सगळीकडे आहे, ती त्यांनी कटाक्षाने टाळली. एका वर्षी लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील एकच प्रसंग घ्यायचा आणि तो पुरेपूर सांगायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे आमच्यापैकी कित्येकांना हे चरित्र वर्षावर्षाने, स्वतःच्या वयाबरोबर कळत गेले. शाळकरी वयात चित्रकार होऊ पाहणारा मुलगा भेटला, नोकरीच्या वयात नोकरी सोडणारा शिक्षक भेटला. चरित्र शिकवण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

चित्रकार होऊ पाहणारा मुलगा हा भाग आम्हा मुलांचा सर्वांत लाडका होता. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावचा. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांत रमणारा हा मुलगा वडिलांची फारशी राजीखुशी नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोनेक वर्षांत लक्षात आले की काही रंग त्याला नीट ओळखताच येत नाहीत, आणि चित्रकलेचा मार्ग तिथेच खुंटला. मात्र रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

हा प्रसंग ज्या वर्षी सांगितला गेला, त्या वर्षापासून आमच्याकडे चित्रकला स्पर्धा सुरू झाली आणि तिचा नियम एकच होता, रंग वापरायचा नाही. पेन्सिल, पट्टी आणि कोरा कागद एवढेच साहित्य. समोर टेबलावर एखादी वस्तू ठेवलेली असे. कधी सांडशी, कधी पितळी तोटी, कधी विहिरीवरची कप्पी. तिचे चित्र काढायचे आणि तिच्या बाजूला ती ज्या भागांची बनली आहे ते भाग सुटे करून काढायचे. परीक्षक म्हणून माझे वडील बसत, कारण ते फाउंड्रीत लाकडी साचे घडवीत आणि रेषेतील बारीक चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ते कागद खिडकीपाशी उजेडात धरत, तोटीच्या चित्रावर बोट ठेवून विचारत, ‘बाळ, या चावीला आत आटे आहेत की नाहीत? मग ते पाणी कोण अडवतंय?’ आणि मूल खरोखर विचार करू लागले की तिथेच त्याला शाबासकी देत. चांगले चित्र काढणाऱ्या मुलाला जितके गुण मिळत, तितकेच वस्तूचे काम ओळखणाऱ्यालाही मिळत. त्या स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या मुलींपैकी दोघी पुढे अभियंता झाल्या, हे मला आजही अभिमानाने सांगावेसे वाटते.

मुंबईची नोकरी आणि बेळगावची सायकल हे दोन प्रसंग काका सहसा एकत्र सांगत. नोकरी चालू असतानाच १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींची विक्री सुरू केली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवत. पुढे संस्थेतील हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि ते बेळगावला परतले. दुकान जिथे होते तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

नांगराचा प्रसंग मात्र एका वर्षात कधीच संपला नाही. तो पुनःपुन्हा घेतला गेला आणि माझ्या मते तसा घेणेच योग्य होते. कडबा कापण्याचे यंत्र काढल्यानंतर लक्ष्मणरावांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, आणि तो विकला जायला दोन वर्षे जावी लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या दोन वर्षांवर काका जितके रेंगाळत, तितके ते पुढच्या यशावर कधीच रेंगाळले नाहीत. घरात पैसा नाही, दारात न विकलेल्या नांगरांची रास पडलेली आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून चाललेले, या अवस्थेत माणूस रोज सकाळी उठून भट्टी पेटवतो, हे ते अगदी सावकाश सांगत, आणि सतरंजीवर बसलेल्या कारखान्यातल्या माणसांना त्यातला शब्द न् शब्द कळत असे.

याच प्रसंगावर मुलांची एक नाट्यछटा बसवली जाई. एक मुलगा नांगर विकणारा, बाकीचे शेतकरी. एका वर्षी रंगमंचावर खराखुरा जुना लोखंडी नांगर आणून ठेवला होता. वाकडी जाड दांडी, घासून पांढरा झालेला फाळ, त्याच्या मागे मान वळवल्यासारखा पसरलेला लोखंडी पंख आणि हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली मूठ. लाकडी नांगर जमीन नुसती चिरत जातो, तर हा पंख ढेकूळ उचलून उलटे पालथे करतो, त्यामुळे हरळी आणि कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात, एवढी साधी गोष्ट आम्हाला त्या दिवशी समोर वस्तू ठेवून समजावण्यात आली.

त्या कार्यक्रमाला सांवेरकडचे एक वृद्ध शेतकरी पाहुणे म्हणून आले होते. नाट्यछटा संपल्यावर ते आपण होऊन उठले आणि हिंदीमिश्रित माळवीत म्हणाले की मुलांनो, शेतकऱ्याला मूर्ख दाखवू नका. त्याच्या हाती वर्षाला एकच पेरणी असते, ती चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत घर कसे चालवायचे हे त्याला ठाऊक असते, आणि जड नांगराला बैलांच्या जास्त जोड्या लागतात, त्या कुठून आणायच्या याचाही त्याला हिशेब करावा लागतो. सभा क्षणभर स्तब्ध झाली, मग काकांनी उठून त्यांना नमस्कार केला. पुढच्या वर्षीच्या संहितेत शेतकऱ्यांची वाक्ये बदललेली होती. लक्ष्मणरावांचे मोठेपण या शेतकऱ्यांचा संशय खरा मानूनच त्यांच्या बांधापर्यंत गेल्यात होते, हे मला त्या नव्या संहितेमुळे समजले.

नांगर विकला जाऊ लागतो न लागतो तोच बेळगावातील जागा सोडावी लागली, कारण नगरपालिकेला तिथे वस्ती वाढवायची होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते. रंग ओळखू न आल्याने चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला एका चित्रकाराने हात दिला, या योगायोगाचे आम्हाला फार अप्रूप होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे नुसता निवडुंगाचा माळ. १० मार्च १९१० या दिवशी तिथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

वाडीच्या कथेत काका लक्ष्मणरावांना मुद्दाम थोडे मागे ठेवत आणि त्यांच्या सोबत्यांना पुढे आणत. शंभोअण्णा जांभेकर हे कामाला अभियंता, व्यवस्थेला व्यवस्थापक आणि अडल्या वेळी वैद्यही. के. के. कुलकर्णी यांना शाळेत यश मिळाले नव्हते, पण बाहेरचे सारे व्यवहार त्यांनी निभावले. मंगेशराव रेगे हिशेबाला, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रकार. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपवली आणि त्यांनी ती इमानाने केली, हा भाग आला की मुले जवळ सरकून बसत. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता, हेही त्याच दमात सांगितले जाई. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचे नाव सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे कमी घेतले गेले. माझ्या आईने आणि तिच्या मैत्रिणींनी ते लक्षात आणून दिल्यावर एक संपूर्ण वर्ष राधाबाईंना दिले गेले. निवडुंगाच्या माळावर पहिल्या पावसात बिऱ्हाडे उभी राहिली तेव्हा चुली कोणी सांभाळल्या, आजाऱ्यांना कोणी पाहिले, हे त्या वर्षी बायकांनी सांगितले. ती संध्याकाळ मला सर्वांत मोलाची वाटते.

आईच्या पिढीला या घराण्याची ओळख नांगरापेक्षा मासिकांमुळे अधिक होती. १९२० मध्ये कारखान्याच्या माहितीसाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते पुढे मराठी घराघरांत पोचले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्यांच्या जोडीला आले. मंडळाच्या कपाटात या मासिकांचे जुने अंक बांधून ठेवलेले होते आणि जयंतीच्या दिवशी ते टेबलावर मांडले जात.

शंतनुरावांचा भाग घ्यावा की नाही यावर मंडळात काही काळ मतभेद होते. अमेरिकेतील एम. आय. टी.मधून शिकून आलेल्या या मुलाने उद्योग कितीतरी पटींनी वाढवला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला, आणि माळव्यातील विहिरींचे पाणी शेतात पोचले त्यात अशा इंजिनांचा मोठा वाटा आहे. तरी दिवस लक्ष्मणरावांचा आहे, तेव्हा शंतनुराव त्यांचे चिरंजीव म्हणूनच यावेत, असा निर्णय झाला आणि तो मला पटला.

पुढे काका थकले. काही वर्षे बाहेरचे वक्ते बोलावले गेले. ते उलाढालीचे आणि निर्यातीचे मोठे आकडे सांगत, आणि आमच्या सतरंज्या हळूहळू ओस पडू लागल्या. लोकांना आकडे नको होते, त्यांना न विकलेल्या नांगरांची रास हवी होती. गेल्या काही वर्षांपासून आमच्याच पेन्सिलच्या स्पर्धेतून आलेली, आता देवासला नोकरी करणारी एक मुलगी हे काम सांभाळते. मागच्या २० जूनला तिने वाडीच्या राखणदारांचा प्रसंग घेतला होता. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायला लक्ष्मणरावांना भीती वाटली नाही का, असे एका लहान मुलाने विचारले, त्यावर दुसऱ्याने विचारले की त्या राखणदारांना भीती वाटली असेल का, आणि मग ज्येष्ठ मंडळी, मुले, देवासहून आलेले कामगार असे सारेच एकमेकांना उत्तरे देऊ लागले. पोह्यांचा नियम त्या दिवशी मोडावा लागला, कारण चर्चा आवरण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा बायकांनी बशा सतरंजीवरच फिरवायला सुरुवात केली.