६१८ भागिले ६ आणि आमचा गणिताचा ग्रुप

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीपर्यंतची शाळा आहे आणि गणिताची म्हणावी अशी शिक्षिका मी एकटीच. खेड्यात बहुतेक ठिकाणी हेच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पाचवीपर्यंत साठाच्या आत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात आणि वरच्या वर्गांना विज्ञान व गणित मिळून किमान एक. म्हणजे पोराच्या वहीत एखादं चमत्कारिक उत्तर दिसलं, तर ते दाखवायला शेजारच्या वर्गात गणिताचं माणूस नसतं. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत भेटी होतात, पण तिथे विषय बरेच आणि वेळ थोडा.

लॉकडाऊनच्या काळात शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भराभर निघाले. मीही बऱ्याच ग्रुपांत होते. सुप्रभात, परिपत्रक, स्वाध्यायाची पीडीएफ, पुन्हा सुप्रभात. त्यातूनच काही जणांनी फक्त गणितासाठी वेगळा ग्रुप काढला. त्यात सिरोंच्याचे एक सर आहेत, चिखलदऱ्याच्या एक ताई आहेत, बुलढाण्याचे आहेत, कोल्हापूरकडचेही आहेत. नियम एकच: फॉरवर्ड टाकायचं नाही, आपल्या वर्गातलं टाकायचं.

मी टाकलेला पहिला फोटो चौथीतल्या एका मुलीच्या वहीचा होता. ६१८ ÷ ६ = १३. सहाला सहाने भाग गेला, वर एक. मग एक उतरवला, भाग जात नाही, म्हणून लगेच आठ उतरवला, अठराला तीन. रीत सगळी बरोबर, फक्त मधलं शून्य गायब. वर्गातल्या निम्म्या वह्यांत हेच होतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवर भागाकाराचा व्हिडिओ लागतो आणि तो चांगलाही असतो. पण त्यात बरोबर रीत असते. या पोरीने तेरा का लिहिले, ते त्यात कुठून येणार?

गावात रेंज पाण्याच्या टाकीजवळच नीट येते. शाळा सुटल्यावर तिथे उभी राहून फोटो पाठवला. मुलीच्या नावावर कागदाची चिठ्ठी ठेवली होती, ही सवय ग्रुपनेच लावली. रात्रीपर्यंत उत्तरं आली. एका सरांनी लिहिलं, ‘सरळ नियम द्या. उतरवल्यावर भाग जात नसेल तर वर शून्य.’ त्यावर चिखलदऱ्याच्या ताईंनी आपल्या वर्गातला फोटो टाकला: ७२ ÷ ६ = १०२. त्या मुलाला हाच नियम पाठ होता. सातातून सहा गेले, एक उरला, एकाला भाग जात नाही म्हणून त्याने शून्य दिलं, मग दोन उतरवले आणि बाराला दोन. उतरवायच्या आधीच शून्य! तो फोटो मी कितीतरी वेळ बघत होते. नियम तोच, एका पोराला वाचवतो आणि दुसऱ्याला बुडवतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं असतं, असं वाटत नाही.

सिरोंच्याच्या सरांनी उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, ‘मुलीला अंदाज विचारला का? वही बाजूला ठेवून, तोंडी?’

दुसऱ्या दिवशी विचारलं. सहा बायांनी मिळून निंदण केलं, ६१८ रुपये भेटले, एकीच्या वाट्याला किती? ती पटकन म्हणाली, ‘मॅडम, शंभराच्या वर येते ना! तेरा रुपयात कोन निंदन करीन?’ वहीतले तेरा तिचेच होते. रोज हिशेब ऐकणारी पोरगी आणि वहीतला भागाकार, या दोघांची ओळखच आपण करून दिलेली नव्हती.

मग ग्रुपवर ठरलं तसं केलं. कागदाच्या नोटा: शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाच्या आठ. सहा मुली गोल बसल्या. फळ्यावर उत्तराच्या जागी शतक, दशक, एकक असे तीन रकाने आखले. शंभराची एकेक वाटली, शतकात एक. दहाची नोट एकच, सहा जणींत जाईना. दशकाच्या नोटा कुणालाच मिळाल्या नाहीत, म्हणून त्या रकान्यात शून्य. ते मी सांगायच्या आत एकीने उठून लिहिलं. नोट मोडून दहा सुटे घेतले, आठ मिळवले, अठरा झाले, तीन-तीन वाटले. एकशे तीन. रकाने असले की ७२ भागिले ६ मध्ये शून्य घुसत नाही, कारण उरलेला दशक सुटा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

फोटो परत ग्रुपवर टाकले, जमलं नाही तेही टाकलं. ४२० ÷ ६ ला काही पोरं अजून ७ वरच थांबत होती. बुलढाण्याच्या सरांनी कारण ओळखलं: बेचाळीस वाटून झाल्यावर हाती काहीच उरत नाही, म्हणून पोराला वाटतं गणित संपलं. एककाचा रकाना रिकामा आहे, तिकडे बोट दाखवा. दाखवलं. बऱ्याच जणांचं सुटलं.

नवीन येणाऱ्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं असतं. ‘भागाकार कसा शिकवावा?’ असं विचारलं तर दहा पीडीएफ येतात. इयत्ता, उदाहरण, मुलाचं उत्तर आणि मूल तोंडाने काय म्हणालं, हे चार सांगितलं तर माणसं विचार करायला बसतात. आणि वर्गात करून पाहिलं की परत येऊन लिहायचं. तेवढं झालं नाही तर सांगणाऱ्यालाही काही शिकायला मिळत नाही.

सध्या सहावीतल्या एका मुलाचा फोटो चर्चेत आहे: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. लसावि काढायला सांगा, असं बऱ्याच जणांचं मत. सिरोंच्याच्या सरांनी पुन्हा प्रश्नच टाकला आहे: ‘२/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. अर्ध्यात भर घातली आणि कमी कसं झालं, हे त्याला विचारून बघा ना.’ सहा घरांच्या कागदी पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. सोमवारी विचारणार आहे, तो काय म्हणतो ते संध्याकाळी ग्रुपवर टाकेन.