लॅपटॉप दोन तासांत, बिल सव्वीस दिवसांत

माझी भाची यंदा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला लागली. हॉस्टेल नको म्हणाली, म्हणजे रोज डिचोलीहून बसने फोंडा आणि तिथून पुढे दुसरी बस. लॅपटॉप घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात ‘मामाला संगणकातलं कळतं’ असा समज आहे. समजाचं मूळ एवढंच की अकरावीत मला सायबरएज योजनेतून सरकारचा संगणक मिळाला होता. तेव्हा निवडायचं काहीच नव्हतं. खोका आला, लावला, झालं.

निवडीत फार डोकं खर्च झालं नाही. भाचीच्या मित्रांचा आग्रह गेमिंग लॅपटॉपचा होता. तो जवळजवळ अडीच किलो, वर चार्जर अर्धा किलोचा. कंपन्या जे वजन छापतात ते चार्जर सोडून असतं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मी तिच्या सॅकमध्ये पाण्याच्या लिटरभराच्या तीन बाटल्या घातल्या आणि घराचा जिना दोनदा चढायला लावला. विषय संपला. सॉलिडवर्क्स, म्हणजे यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मॅकही बाद. उरला 14 इंची, 1.4 किलोचा, 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीवाला, टाइप-सी चार्जरचा, 62,000 रुपयांचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे कळेल का.

जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ असं मोठ्या अक्षरांत होतं. त्याचा आधार मिल-एसटीडी-810एच, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचण्यांच्या पद्धती. त्यांतल्या कुठल्या करायच्या ते कंपनीच ठरवते आणि लष्कर कुणाला सर्टिफिकेट देत बसत नाही. लॅपटॉप बसमध्ये पडून फुटला तर साध्या वॉरंटीत त्याचं काही मिळत नाही. त्याला अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर लागतं, आणि ह्या कंपनीत ते खरेदीपासून 30 दिवसांतच घेता येतं. ही 30 दिवसांची अट लक्षात ठेवा.

23 ऑगस्ट, शनिवार. गणपतीची चवथ चार दिवसांवर आलेली, पणजीत पाय ठेवायला जागा नाही. दुकानात मी झाकण एका बोटाने उघडून बघितलं: खालचा भाग टेबलावरून उचलला जात नाही, झाकण मध्ये सोडलं तर तिथेच थांबतं. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबला, फारसा दबला नाही. बिजागरी हा लॅपटॉपचा सगळ्यात रडका अवयव. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुशा निखळल्या की झाकण उघडताना कडेचं प्लास्टिक फाटत जातं. हे सगळं ठीक होतं, फक्त झाकणावर नखाएवढा ओरखडा होता. भाचीने तोंड वाकडं केलं. पोऱ्याने तत्परतेने आतून दुसरा खोका आणला. आम्ही खूश. बिल मात्र तोवर छापून झालं होतं.

घरी येऊन कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला, तर वॉरंटी फेब्रुवारीतच सुरू झालेली! विक्रीची नोंद झालेली नसली की काही कंपन्या माल गोदामातून निघाल्याची तारीख धरतात. बिल चढवलं की सुधारून मिळते. चढवलं. दोन दिवसांनी मेल आला: बिलावरचा सिरियल नंबर जुळत नाही. लॅपटॉप उताणा करून, मोबाइलचा टॉर्च मारून अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. शेवटची तीन वेगळी. बिल ओरखडेवाल्याचं होतं.

आणि खरेदीची तारीख फेब्रुवारीची दिसत असल्यामुळे साइटवर अपघाती कव्हर विकत घ्यायचं बटणच येईना.

दुकानात गेलो तर चवथीची सुट्टी. पाच दिवसांचे गणपती पोचवून झाल्यावर परत गेलो. पोऱ्या म्हणाला, “फाल्यां जातलें.” फाल्यां म्हणजे उद्या, पण आमच्याकडे तो दिवस कॅलेंडरात नसतो. तिसऱ्या खेपेला त्याने बॉलपेनने नंबर खोडला, वर नवा लिहिला, शिक्का मारला. कंपनीचं उत्तर: हाताने केलेली दुरुस्ती चालणार नाही. चौथ्या खेपेला कळलं की बिलं मडगावचा अकाउंटंट बघतो. त्याला फोन लावला. तोवर 11 सप्टेंबर, म्हणजे ऑगस्टच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायची तारीख, उलटून गेला होता. तो म्हणतो, “ऑगस्टचं रिटर्न गेलं सर, आता बिल बदलता येत नाही. जीएसटीचा नियम आहे.”

माझं डोकं फिरलं ते इथे. तोवर मी अगदी सभ्य होतो.

रात्री बसून जीएसटीचा नियम 46 वाचला. बिलावर काय काय असायलाच हवं त्याची ती यादी: विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख, मालाचं वर्णन, रक्कम, कर वगैरे. वस्तूचा सिरियल नंबर त्यात नाहीच. रिटर्नमध्येही तो जात नाही. म्हणजे बिल नंबर तोच, तारीख तीच, रक्कम तीच ठेवून फक्त सिरियल नंबर सुधारून छापला तर सरकारदरबारी काडीचाही फरक पडत नाही. आणि तेही नको असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे जुनं बिल वजा करणारा कागद, काढून नवं बिल करता येतं. सकाळी हे सगळं त्याला वाचून दाखवलं. मिनिटभर शांतता. मग, “सिस्टीममध्ये लॉक आहे सर.”

मी म्हटलं, ठीक आहे, 1915 वर बोलतो. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. लावावा लागला नाही. दुपारी पोऱ्याचाच फोन, “येयात, बिल तयार आसा.” गेलो तर तयार नव्हतं, पण माझ्यासमोर छापलं. चार मिनिटं लागली, त्यांतही एकदा कागद अडकला.

तरी कंपनीला आता खोक्यावरच्या लेबलाचा फोटो हवा होता. ताईला विचारलं. खोका माळ्यावर, त्यात माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या) सुतळ्या आणि मोदकांचे साचे. लेबलावर हळदीचा डाग होता, पण बारकोड आणि नंबर शाबूत. 18 सप्टेंबरला तारीख सुधारली, बटण आलं आणि तासाभरात मी कव्हर घेतलं. चार दिवस हाताशी होते. कॉलर ताठ करून ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “मग साचे परत खोक्यातच ठेवू ना?”

आठवलं म्हणून सांगतो: पैसे देण्याआधी लॅपटॉपच्या पोटावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा नंबर जुळवा. पोटावरचा स्टिकर पुसट असला तर नंबर बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसतो. वॉरंटी ऑनसाइट (कंपनीचा माणूस घरी येतो) की कॅरी-इन तेही तेव्हाच विचारा. कॅरी-इन असली तर दर खेपेला तुम्हीच लॅपटॉप घेऊन सेंटरला जायचं. रॅम सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, म्हणून निदान एक मोकळा स्लॉट असू दे. आणि पावसात भिजलेल्या सॅकमध्ये तो रात्रभर ठेवू नका. आपल्या हवेत चामड्याच्या पट्ट्यालाही आठवड्यात बुरशी येते.

भाची सध्या लॅपटॉपवर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकते आहे. सॉलिडवर्क्स अजून उघडलंसुद्धा नाही.

परवा दुकानातून फोन आला. ओरखडेवाल्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यावर बसलं होतं, त्याच्या बिलातही घोळ. माझ्याकडचं जुनं, खोडलेलं बिल मिळेल का, म्हणून विचारत होते.

मी म्हटलं, “फाल्यां पळयतां.”