पिळलेले बुश

गाडी ऑक्टाव्हिया आरएस, मालक पंचविशीतला, घर रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या अगदी तोंडावर. तक्रार अशी की आंबा घाटात वळण घेताना मागची बाजू आपल्या मनाने सरकते आणि मागचे टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेत. सोबत खोकं आणलेलं. त्यात ॲल्युमिनियमचे ॲडजस्टेबल कंट्रोल आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे, लांबी बदलता येणारे दांडे. टोकांना रबराच्या बुशऐवजी, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीऐवजी, लोखंडी गोळ्याचे रोझ जॉइंट. "काका, फक्त बसवून द्या."

फक्त! कोकणात मागचा आर्म काढणं म्हणजे काय, ते घाटावरच्या मेकॅनिकला सांगून कळत नाही. नट सुटतो, बोल्ट सुटत नाही. खाऱ्या हवेने तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीत असा धरतो की पाना लावला की थोडा फिरतो आणि सोडला की रबराच्या ताणाने परत जागेवर येतो. पोऱ्याला वाटलं निघाला. "नाय काका, ह्यो मागेच येतोय." गॅस लावायची सोय नाही, शेजारी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसलेली, म्हणून आधी ती कॉम्प्रेसरने दाबून बाहेर काढली. मग बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला, सबफ्रेमच्या, म्हणजे आर्म जिला जोडतात त्या चौकटीच्या, कानांना ओरखडा न पाडता. या कामाला घाई केली की सबफ्रेमच बदलावी लागते.

आर्म हातात आला तेव्हा खरी गोष्ट दिसली. लोखंड ठणठणीत, बुशचं रबर मात्र तिरकं फाटलेलं. हा बुश बोल्टवर फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली, आणि मधलं रबर तेवढं पीळ खातं. म्हणून शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराची आवळणी, गाडीचं वजन चाकांवर असताना द्यायची. ज्याने हिला खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या, त्याने चाकं हवेत लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. गाडी जमिनीवर आली त्या क्षणापासून रबर ओल्या पंचासारखं पिळलेलं. गाडी खाली बसली की चाक वरून आत कलतं, हा कॅम्बर, पण टायर खातो तो मुख्यतः टो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ न राहता आत किंवा बाहेर वळणं. लोक उगाच कॅम्बरला शिव्या देतात. चाकाचे हे कोन लावायचे मागचे एक्सेंट्रिक बोल्ट गंजून जाम असताना कुणीतरी चार चाकांच्या अलाइनमेंटचं बिल लावलं होतं. स्क्रीनवर हिरवं दाखवायला पुढची दोन चाकं पुरतात, गिऱ्हाईक मागे वाकून बघत नाही.

मी स्पष्ट सांगितलं: रबराचे साधे नवीन आर्म घाला, नवीन बोल्ट, नीट अलाइनमेंट. खर्च कमी आणि पावसाळे निघतील. रोझ जॉइंटमध्ये लोखंडी गोळा पातळ अस्तरावर फिरतो, आपल्या लाल मातीचा चिखल आणि मीठ आत गेलं की तो वाजणार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काका, मित्रांना दाखवलेत."

बसवले. जुन्या आर्मचं बोल्ट ते बोल्ट माप घेऊन दोन्ही नवे व्हर्नियरने सारखे केले, जॉइंटवर रबरी टोप्या चढवल्या, बोल्टच्या दांड्याला तांब्याचं ग्रीस फासलं. बाकीचे रबराचे बुश सैल सोडून गाडी रॅम्पवर चाकांवर उभी केली, तेव्हाच आवळले. आर्म किंचित आखूड केला की टो हलतो, म्हणून आधी कॅम्बर उणे दीड अंशाच्या आसपास आणि मग टो जरासा आत, असं उलटसुलट करत रात्र झाली.

घाट चढून आल्यावर त्याचा फोन आला. मागची बाजू एकदम पक्की, फक्त हातखंब्याच्या खड्ड्यांत टकटक येते. पक्की कशाने झाली, हे मला अजून छातीठोक सांगता येत नाही. नव्या आर्मने, की फाटलेलं रबर गेलं म्हणून, की एक्सेंट्रिक सुटून टो जागेवर आला म्हणून? सगळं एकाच दिवशी बदललं. तो मात्र सगळ्यांना आर्मचंच नाव सांगतोय. परवा त्याच्या एका मित्राने भाव विचारायला फोन केला. म्हटलं, आधी गाडी घेऊन या, बुश बघतो. तो अजून आलेला नाही.