दोन डिस्क, एकच ओळख

बॅकअप सर्व्हरवर दोन सारख्या एनव्हीएमई एसएसडींचा (पीसीआयवर जोडलेल्या वेगवान डिस्कचा) रेड-१ मिरर होता, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. लिनक्सचा कर्नल ५.१५ वरून ५.१९ वर नेला आणि रीबूटनंतर मिरर एकाच डिस्कवर उभा राहिला. पुढच्या रीबूटला सकाळी टाकलेल्या फाइल्स गायब. त्यानंतरच्या रीबूटला त्या परत आल्या, पण दुपारच्या गेल्या. डिस्क खराब झाली तर दर वेळी तीच गैरहजर राहते. इथे गैरहजर राहणारी डिस्क बदलत होती.

पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयमध्ये दोन्ही डिस्कचे कंट्रोलर दिसत होते. एनव्हीएमई० आणि एनव्हीएमई१ हे दोन्ही नोडही तयार होते. पण एकाखाली एन१, म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉक डिस्क, नव्हती. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, एकच ओळ: ‘ग्लोबली ड्युप्लिकेट आयडीज फॉर एनएसआयडी १’. म्हणजे नेमस्पेस १ ची (डिस्कमधल्या साठवणीच्या भागाची) ओळख दुसऱ्या कोणाशी जुळते.

ड्रायव्हर डिस्कची ओळख दोनदा पटवतो. आधी पीसीआयवर: वेंडर आणि डिव्हाइस क्रमांक ड्रायव्हरच्या आयडी टेबलशी ताडून बघतो. खास ओळ नसेल तर शेवटी ०१०८०२ या क्लास कोडची सर्वसाधारण ओळ लागू होते. मग आयडेंटिफाय कमांड जाते आणि डिस्क ४०९६ बाइट परत देते. कंट्रोलरच्या उत्तरात ४ ते २३ या बाइटमध्ये सीरियल, २४ ते ६३ मध्ये मॉडेल. नेमस्पेसच्या उत्तरात १०४ ते ११९ मध्ये एनजीयूआयडी आणि १२० ते १२७ मध्ये ईयूआय६४, हे नेमस्पेसचे ओळख-क्रमांक. हे शेवटचे दोन, दिले असतील तर, जगात एकमेव असले पाहिजेत. २०२२ मधल्या ५.१८ पासून कर्नल ते खरोखर तपासतो.

ब्लॉक डिस्क नसली तरी कंट्रोलरच्या नोडवर नेमस्पेस १ देऊन आयडी-एनएस (नेमस्पेसची माहिती विचारणारी कमांड) चालतं. दोन्हींचं उत्तर शेजारी ठेवलं. कंट्रोलरच्या उत्तरातले सीरियल वेगवेगळे होते, ईयूआय६४ मात्र शेवटच्या अंकापर्यंत सारखा. कारखान्यात प्रत्येक नगात तोच आकडा गेला होता. दोन्ही डिस्कचा प्रोब, म्हणजे बूटच्या वेळची ओळख-तपासणी, समांतर चालतो. जी आधी नोंदली जाते ती राहते, दुसरीला ५.१९ चा कर्नल नाकारतो. म्हणून पाळी बदलत होती. कर्नलने इथे बरोबरच केलं असं माझं मत आहे.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी डेटा. मिररच्या दोन्ही अर्ध्या भागांवर स्वतंत्र लिखाण झालेलं होतं, त्यामुळे एमडीअ‍ॅडमचा इव्हेंट काउंट (रेडच्या साधनाने ठेवलेली बदलांची मोजणी) जास्त म्हणजे त्यात सगळं आहे, असं धरता येत नाही. ही चूक सहज होते, आणि एकदा रीसिंक (एका डिस्कवरून दुसरीवर नक्कल) सुरू झाला की एका बाजूच्या फाइल्स कायमच्या जातात. जुन्या कर्नलच्या लाइव्ह यूएसबीवरून, अ‍ॅरे (म्हणजे मिरर) न जोडता, दोन्ही डिस्कच्या इमेज वेगळ्या डिस्कवर काढल्या. एक बाजू मूळ धरली, दुसरीच्या इमेजमधून राहिलेल्या फाइल्स त्यात आणल्या. मगच दुसरीचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्यावरची मिररची नोंद, पुसला.

दुरुस्ती एका ओळीची: आयडी टेबलमध्ये त्या वेंडर-डिव्हाइस जोडीला ‘बोगस एनआयडी’ हा क्वर्क (या डिस्कचे नेमस्पेसचे क्रमांक मानू नका, अशी ड्रायव्हरला दिलेली खूण). ओळ क्लास कोडच्या ओळीच्या वर हवी, कारण टेबल वरून खाली वाचलं जातं आणि पहिली जुळणी धरली जाते. मॉड्यूल बांधून बसवलं, रीबूट केला, तरी तोच संदेश. जुना मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या फाइलसंचात) बसला होता आणि बूटला तोच लोड होत होता. अपडेट-इनिटरॅमएफएस चालवल्यावर दोन्ही डिस्क आल्या. पुसलेली डिस्क अ‍ॅरेत परत घातली आणि रीसिंक लावला.

एक गोष्ट मात्र खटकते. तो डिव्हाइस क्रमांक बहुतेकदा कंट्रोलर चिपचा असतो, डिस्कवरच्या लेबलचा नव्हे. तीच चिप वापरून नीट आयडी देणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या डिस्कचीही ओळख या ओळीने पुसली जाते. तरीही ओळ घातली. डिस्क न दिसण्यापेक्षा ते बरं.

क्वर्क लागला की ईयूआय६४, एनजीयूआयडी आणि यूयूआयडी (असाच तिसरा ओळख-क्रमांक) कर्नल शून्य धरतो आणि वेंडर, सीरियल, मॉडेल जोडून ओळख बनवतो. बाय-आयडी या फोल्डरखालच्या, ओळखीवरून डिस्कपर्यंत नेणाऱ्या ईयूआयच्या लिंक नाहीशा होतात, म्हणून कॉन्फिग फाइल्स चाळल्या. डिस्कची तब्येत बघणाऱ्या स्मार्टडीच्या फाइलमध्ये या डिस्कसाठी ईयूआयची एकच ओळ होती. ५.१५ वर दोन्ही डिस्क त्याच एका लिंकवर हक्क सांगत होत्या आणि लिंक एकीकडेच जायची. म्हणजे दुसऱ्या डिस्कच्या तब्येतीकडे तेव्हापासूनच कोणाचं लक्ष नव्हतं. मॉडेल-सीरियलच्या दोन ओळी घातल्या आणि तिची लांब स्व-चाचणी त्याच रात्री लावली.