लग्नाचं बजेट हॉलमध्ये नाही, यादीत ठरतं

लग्न ठरलं की सगळे आधी हॉल बघायला पळतात. मग एखादा आवडतो, अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळे होतात आणि त्यानंतर कोणाकोणाला बोलवायचं यावर घरात चर्चा सुरू होते. उलटं करा ना! आधी यादी, मग बाकी सगळं.

कारण खरा पैसा माणसांच्या आकड्याला चिकटलेला असतो. जेवण, खुर्च्या, टेबलं, त्यावरची सजावट, वाढणारी माणसं, पार्किंग सगळं डोक्यामागे वाढतं. फोटोग्राफर, कपडे, साउंडवाला यांना मात्र 80 आले काय आणि 200 आले काय, फारसा फरक पडत नाही. समजा 200 ची यादी 120 वर आली तर 80 ताटं वाचलीच, पण टेबलाला दहा माणसं धरली तर 8 टेबलं, त्यांची कापडं, त्यावरची फुलं पण वाचली, आणि मुख्य म्हणजे लहान हॉल चालतो. लहान हॉल भरलेला असला की अर्ध्या रिकाम्या मोठ्या हॉलपेक्षा कितीतरी छान दिसतो, फोटोत तर जास्तच.

आता यादी कापणं हेच सगळ्यात अवघड, मान्य. कापत बसलं की प्रत्येक नावावर वाद होतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदावरून सुरुवात करा, ज्यांच्याशिवाय लग्न झालंच नसतं अशी नावं आधी, मग जागा उरेल तसे पुढचे. "त्यांनी आपल्याला बोलावलं होतं" एवढंच कारण असेल तर माझ्या मते ते नाव नको. भांडा हवं तर. आणि पत्रिका घरटी मोजा, 120 माणसांना 120 पत्रिका छापणारे लोक मी बघितलेत 😄

हॉलचं भाडं ऐकून लगेच खूश होऊ नका, त्यात काय काय येतं ते विचारा. खुर्च्या-टेबलं धरून आहे का, लाइटबिल आणि साफसफाई वेगळी का, वेळेपेक्षा उशीर झाला तर तासाला किती, केटरर आणि डेकोरेटर बाहेरचा चालतो का, चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे घेतात का. स्वस्त वाटणारा हॉल इथेच महाग पडतो. सीझन सोडून किंवा आठवड्यातला मधला दिवस घेतला तर भाव करायला खूप वाव असतो, फक्त आधी जवळच्या माणसांना सुट्टी मिळतेय का बघा. केटररला कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील तेही विचारून घ्या, नाहीतर यादी कमी करूनही बिल तेवढंच. आणि हे सगळं लेखी हवं, तोंडी "हो हो करू" नको.

सजावटीत लोक सगळीकडे थोडं थोडं करतात आणि मग कुठेच काही दिसत नाही. डोळा आणि कॅमेरा जिथे जास्त वेळ थांबतो तिथेच खर्च करा, म्हणजे तुम्ही दोघं जिथे उभे राहणार किंवा बसणार त्याच्या मागची जागा, आणि फारतर दार. फुलं त्या सीझनची, एकाच जातीची पण भरपूर घ्या, बाकी हिरवा पाला. पाच प्रकारची महाग फुलं थोडी थोडी लावण्यापेक्षा हे भरगच्च वाटतं. फुलांच्या बिलात मजुरीचा वाटा चांगलाच असतो, त्यामुळे डिझाइन जेवढं साधं तेवढं बिल खाली येतं.

पण सजावटीपेक्षा मला लाइटिंगबद्दल जास्त बोलायचंय कारण तिकडे कोणी बघतच नाही. साध्या हॉलमध्येसुद्धा पांढऱ्या ट्यूब बंद करून पिवळसर वॉर्म लाइट लावले (खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन लिहिलेलं असतं) तर जागा ओळखू येत नाही. मात्र दोन्ही एकत्र ठेवू नका, अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो आणि फोटोग्राफर नंतर एडिट करताना वैतागतो. दिवसाचं लग्न असेल तर उजेड फुकटच आहे, फक्त भर दुपारी उघड्यावर फोटो नकोत, ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सूर्यास्ताच्या आधीचा तासभर दोघांच्या फोटोंसाठी राखून ठेवा.

फोटोग्राफर चांगलाच घ्या पण कमी तासांसाठी, सकाळी तयार होण्यापासून रात्री उशिरापर्यंत सगळं टिपायची गरज नसते. अल्बम नंतर कधीही करता येतो. भावाकडे चांगला कॅमेरा आहे म्हणून त्याला उभं करू नका, त्याला लग्नाला यायचंय, काम करायला नाही. मित्रमैत्रिणींची मदत घ्यायची तर पत्रिकेचं डिझाइन, गाण्यांची यादी अशी आधी संपणारी कामं द्या. कपडे भाड्याने किंवा कोणाचे मागून आणले तरी चालतात, पण फिटिंगवर पैसे वाचवू नका, अंगावर नीट बसलेला साधा कपडा भारी दिसतो.

बहिणीच्या लग्नाची शीट माझ्याकडे होती. अंदाज, ठरलेले, दिलेले, राहिलेले आणि शेवटची तारीख, एवढेच कॉलम. वर 10 टक्के बाजूला काढून ठेवलेले, त्यांना कोणी हात लावायचा नाही, कारण शेवटच्या आठवड्यात काहीतरी निघतंच. आणि लग्नाच्या दिवशी ज्यांना रोख द्यायचेत त्यांची पाकिटं नावं घालून आदल्या रात्रीच एका भरवशाच्या माणसाकडे द्या, म्हणजे केटरर हिशोबाला आला की नवरा-नवरीला स्टेजवरून खाली यावं लागत नाही.