भंगारातून चूल : आमची वाटचाल

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. गेट, ग्रिल, जिने. उरलेले पाइपाचे तुकडे आणि पत्र्याची कात्रणं कोपऱ्यात साठायची, त्यातूनच चुली सुरू झाल्या. आज निम्मं वर्कशॉप चुलींनी अडवलंय.

गिऱ्हाईक आधी चूल उचलून बघतं. जड म्हणजे दणकट, ही समजूत. आम्ही उलट सांगतो. जाड लोखंड आधी स्वतः तापतं, मग भांड्याला आच लागते. शिवाय तापलेल्या लाकडाचा बराचसा भाग वायू होऊन निघतो. आग पुरेशी गरम नसली की तो न जळता धूर होऊन जातो, म्हणजे सरपणच वाया.

आमची चूल रॉकेट पद्धतीची. लॅरी विनियार्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली. आत 'एल' आकाराची नळी, उभा भाग तोंडाच्या रुंदीच्या दोन-तीन पट उंच. तोंडात आडवी पट्टी असते. तिच्यावर काटक्या, खालून हवा. नळी आणि बाहेरचा डबा यांच्या मधल्या पोकळीत आम्ही चाळलेली कोरडी राख भरतो. ती हलकी, फुकटची, आणि आच बाहेर जाऊ देत नाही. वाळू मात्र नको, ती उष्णता पिऊन बसते.

भंगार घेताना आम्ही चिकित्सक आहोत. बाहेरच्या डब्यासाठी खाद्यतेलाचा जुना डबाही चालतो, पण रसायनाचं पिंप दारातही येऊ देत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगीजवळ वापरत नाही. त्याच्या धुराने ताप भरतो, हे वेल्डरला सांगावं लागत नाही. गॅसच्या जुन्या टाकीला तर ग्राइंडर लावतच नाही. रिकामी दिसली तरी आत गॅस उरतो, आणि एक ठिणगी पुरते.

आतली नळी ही कायमची डोकेदुखी. साध्या लोखंडाचे पापुद्रे सुटतात, पत्रा खाल्ला जातो. म्हणून वरचं झाकण बोल्टवर ठेवतो. नळी जळाली की तेवढीच बदलायची. चूल एका जागी राहणार असेल तर मोडीत निघालेल्या भट्टीच्या विटा लावतो. त्या टिकतात, पण तापायला वेळ घेतात.

भांड्याभोवती बोटभर फट ठेवून पत्र्याचं कडं देतो, म्हणजे गरम हवा भांड्याच्या अंगाला घासत वर जाते. भांडं काढताना अडचण होते, अशी तक्रार येते. तरी कडं देतोच.

दोन भांड्यांच्या चुलीवर काम चालू आहे. दुसऱ्या भांड्याला अजून हवी तशी आच मिळत नाही, त्यामुळे ती विक्रीला काढलेली नाही.